नऊ शर्टांची काजं

२ फेब्रुवारी

ही वही दवाखान्यातल्या फिजिओवाल्या पोरीनं दिली. पुढच्या बाजूनं यांचं लिहायचं. किती पावलं, किती घास, हात किती उचलला. ते तिला दाखवायचं. मागची पानं कोरीच राहणार होती. कागद वाया का घालवायचा, म्हणून मागून माझं. इकडे कोणी बघायचं नाही. सातवी शिकलेय, शुद्धलेखन तपासणाऱ्यानं दुसरं घर बघावं.

हकिकत एवढीच. तीन आठवड्यांपूर्वी यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवी बाजू गेली. पाय थोडा परत आला, हात लटकतोय. बोलणंही गेलं. एकच शब्द उरलाय, ‘थांब’. भूक लागली तरी थांब, नळ गळला तरी थांब. डॉक्टर म्हणाले असा एखादा शब्द अडकून बसतो, त्याला अर्थ नसतो.

हे चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करायचे. मी बत्तीस वर्षं शिवणकारखान्यात काजं-बटणं केली. दोघांना फुरसत नव्हती, त्यामुळे भांडणं कमी.

सोळा मार्चला मोठे डॉक्टर तपासणार. चार मिनिटांत शर्टाची पाच बटणं लावायची. पाच लागली पाहिजेत असं नाही, पण सुधारणा दिसली पाहिजे. दिसली तर रोजचा व्यायाम पुढे चालू. नाही दिसली तर नाव कमी, कारण मागे रांग आहे. नाव कमी झालं तर लेक म्हणते बाबांना तिच्याजवळच्या शुश्रूषा केंद्रात ठेवू. ती जागा मी बघितलीय. स्वच्छ आहे. सगळे भिंतीकडे तोंड करून पडलेले.

लोक विचारतात, तू कशी आहेस. बरी आहे. खरंच. काहीच वाटत नाही.

४ फेब्रुवारी

माझी पद्धत बसली. सहाला उठवायचं, तोंड पुसायचं, दाढी, कपडे, खुर्ची, केळं कुस्करून दूध, गोळ्या. पंचवीस मिनिटांत माणूस तयार. कारखान्यात तासाला दोनशे काजं काढायचे, मला कोण शिकवणार. मग टीव्ही लावून द्यायचा. हे बघत बसतात. गोड मागतात तेव्हा गोड देते. बोटानं डबा दाखवतात, डाव्या.

मी पलीकडे बसून मोबाइलवर गालिचे धुतात ते बघते. चिखलानं काळा झालेला गालिचा, एक माणूस पाणी मारतो, फेस करतो, खरवडतो, खालून लाल रंग निघतो. एक संपला की दुसरा आपोआप लागतो. आज किती बघितले माहीत नाही. दुपार गेली.

५ फेब्रुवारी

तेच. अकरा गालिचे.

९ फेब्रुवारी

डोकं चाललं. परीक्षा शर्टाची आहे ना? मग शर्टाचं बघायचं.

नऊच्या नऊ शर्ट काढले. बटणं उसवली, काजं आतून शिवून बंद केली, पट्टीखाली टिच बटणं लावली, आणि मूळची बटणं वरून दिसायला होती तिथे टाचली. बाहेरून बघा, ब्रह्मदेवाला कळणार नाही. वरून डावा तळवा दाबत खाली आणला की टिच टिच टिच, पाच सेकंद. चार मिनिटं घेऊन काय करायचंय.

अडीच दिवस लागले. बऱ्याच दिवसांनी हाताला काम होतं. टाके सरळ आले.

१३ फेब्रुवारी

फिजिओवालीनं पट्टी नीट लागलेला शर्ट बघितला. "काका, स्वतः?" हे म्हणाले, थांब. मी मान हलवली, हो. खोटं काय त्यात, स्वतःच लावला होता. तिनं तिच्या कागदावर बरोबरची खूण केली. लेकीला फोन करून सांगितलं. "आई, खरंच? बाबांनी?" म्हणाली आणि रडायला लागली. या पिढीला रडायला काही कारण लागत नाही.

१७ फेब्रुवारी

पितळ उघडं पडलं.

"काका, आज शर्ट काढून दाखवा बघू," फिजिओवाली म्हणाली. यांनी डाव्या हातानं गळ्यापाशी धरून ओढला. टर्र. पाचही सुटली. पोरगी पुढे आली. मग पट्टी उलटी केली, बंद काजावरून बोट फिरवलं.

"हे कोणी केलं?"

"मी."

"काकू, किती सुबक केलंय हो."

"बत्तीस वर्षं दुसरं काय केलं."

"किती शर्ट?"

"नऊ."

ती खुर्ची ओढून बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "काकू, परीक्षा शर्टाची नाही हो, मेंदूची आहे. मेंदू महाआळशी. कोणी आयतं करून देतंय म्हटलं की तो तिकडचा रस्ताच बंद करतो. टीव्ही, गोड, आयते कपडे, सगळं सुखाचं दिलंत ना, तो झोपणार. त्याला थोडं अवघड द्यावं लागतं. चरफडेल इतकं. त्या चरफडण्यातच नवा रस्ता निघतो."

"म्हणजे त्यांना त्रास द्यायचा."

"थोडा. आणि थोडं आवडीचं. दोन्ही."

मी यांचा शर्ट परत लावायला वाकले. हे म्हणाले, थांब.

"काकू, हे असं कधी कधी म्हणतात?"

"दिवसभर. शब्द अडकलाय. तुमच्याच डॉक्टरांनी सांगितलं."

"तुम्ही कपडे घालताना?"

"तेव्हाही."

"भरवताना?"

"हो. सांगितलं ना, दिवसभर."

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला अशा बघण्याचा कंटाळा आहे. असेल ते बोलून मोकळं व्हावं.

१८ फेब्रुवारी

ब्लेडनं टिच बटणं उसवली. तीन शर्टांची काजं मोकळी केली, कडा पुन्हा गुंफल्या. बाकीचे सहा तसेच ठेवलेत. उसवताना एक पट्टी फाटली. माझ्या हातून कधी पट्टी फाटली नव्हती.

ठरलं. त्रास तर त्रास. उद्यापासून टीव्ही बंद, गोड बंद, पाहुणे बंद. सकाळी बटणं लागल्याशिवाय दूध नाही.

२० फेब्रुवारी

एक बटण, पन्नास मिनिटं, लागलं नाही. दूध साडेदहाला दिलं. पुढच्या पानावर लिहिलं, ‘प्रयत्न केला’.

२२ फेब्रुवारी

किल्लीवाला आला होता. कुलपं दुरुस्त करतो, कोपऱ्यावर दुकान आहे. हे रोज संध्याकाळी त्याच्याशी पत्ते खेळायचे, तीस वर्षं. दारातूनच परत पाठवला. म्हटलं, शिस्त चालू आहे. तो म्हणाला, "वहिनी, शाळा काढलीत की तुरुंग?" म्हटलं, दोन्ही.

२४ फेब्रुवारी

बटण हातात धरतात आणि खिडकीकडे बघतात. मी म्हणते, अहो, धरा. अहो, वर. अहो, काज तिकडे आहे. घसा बसला. यांच्या कपाळावर घाम. मला काही वाटत नाही. घाम आला म्हणून लिहितेय.

२५ फेब्रुवारी

आज ‘थांब’सुद्धा म्हणाले नाहीत.

२६ फेब्रुवारी

आजही नाही. दूध समोर ठेवलं, प्याले नाहीत. भिंतीकडे तोंड करून झोपले. ते केंद्र आठवलं. इथेच आणलं म्हणायचं मी ते, भाडं न भरता.

एक गोष्ट कुठे सांगितलेली नाही, ती लिहून टाकते. गाठ अडकली त्या दिवशी यांच्या हातून कप पडला तेव्हा मी यांच्याकडे बघितलंच नाही. म्हटलं, नवा कप होता हो, लक्ष कुठे असतं. आधी काचा वेचल्या. मग फरशी पुसली, दोनदा, चहा चिकट होतो म्हणून. मग बघितलं. दवाखान्यात विचारलं, किती वेळ झाला. मी पंधरा मिनिटं कमी सांगितली.

त्यानं काही फरक पडला असता की नाही, मी विचारलेलं नाही.

मग गालिचे बघितले. मोजले नाहीत.

२८ फेब्रुवारी

दुपारी चार वाजता दार ठोठावलं. किल्लीवाला बाहेरून ओरडतोय, "वहिनी, उघडा. नाहीतर मी उघडतो, माझा धंदाच आहे तो."

"त्यांना बरं नाही. जेवत नाहीत."

"मग मी काय जेवण घेऊन आलोय? पत्ते आणलेत."

दहा दिवस शिस्तीनं काही झालं नव्हतं. उघडलं. तो सरळ पलंगाच्या कडेला बसला आणि चादरीवर पानं वाटली. हे भिंतीकडे.

"गड्या, तुझी उतारी. नाही? बरं, तुझी पानं मीच खेळतो." यांची पानं उचलली, बघितली. "अरे वा, हुकमाचा एक्का. हा टाकू पहिल्यालाच? माझ्या दुर्रीसाठी? टाकतो हं. आणि हा राजाही घे, गेला."

यांची पाठ हलली.

"राणी कशाला सांभाळायची? तीपण गेली."

"थांब!" हे ओरडले. दोन खोल्यांत घुमलं. वळले, कोपरावर उठले, डाव्या हातानं त्याच्या हातातली पानं हिसकावली. चेहरा लालबुंद. किल्लीवाला म्हणतो, "आलास? मला वाटलं भिंतीशीच संसार थाटलास."

अर्धा तास खेळले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. एक डाव हरत आले होते हे, आणि तेव्हा बघितलं. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता, त्याची बोटं हलली. तीन बोटं. चादरीवरचं एक पान ओढलं, हळूहळू, आणि मांडीखाली सरकवलं. किल्लीवाल्यानं बघितलं आणि छताकडे तोंड करून डास शोधायला लागला. भर दुपारी डास.

हे आयुष्यभर पत्त्यात चोरी करत आलेत. मला त्याची लाज वाटायची.

पुढच्या पानावर काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं: ‘उजवा हात: चोरी केली.’

२ मार्च

फिजिओवालीनं ते वाचलं आणि हसत सुटली. मग डोळे पुसले, मग पुन्हा वाचलं.

म्हणाली, "काकू, तुम्ही आधी नुसतं सुख दिलंत, मग नुसता त्रास. दोन्हीनं मेंदू दार लावून बसतो. जोडी लावा. आधी बटणं, वीस मिनिटं, जास्त नाही. मग लगेच पत्ते. आणि पानं उजव्या हातात धरायची."

यात नवीन काय. हे नेहमी सांगायचे, लिफ्टच्या मागे एक वजन लटकतं. लिफ्ट वर तर ते खाली. ते रिकाम्या लिफ्टच्या मापाचं ठेवलं तर भरलेली चढताना मोटर रडते, भरलेलीच्या मापाचं ठेवलं तर रिकामी उतरताना रडते. म्हणून अर्ध्या भरलेल्या लिफ्टचं माप धरायचं. चाळीस वर्षं जेवताना ऐकलंय. त्यासाठी दवाखान्यात कशाला जायला पाहिजे.

तिनं मलाही औषध दिलं. यांची बटणं चालू असताना मी हात मांडीखाली घेऊन बसायचं. बोलायचं नाही. म्हटलं, हे काय औषध. म्हणाली, "करून बघा. त्यांच्यापेक्षा तुम्हाला जड जाईल." आणि विचारलं, "काकू, तुमच्या आवडीचं काय आहे?"

म्हटलं, सांगते.

३ मार्च

हात मांडीखाली. वीस मिनिटं. बटण काजाशी येतं, आडवं पडतं, निसटतं. पुन्हा येतं. मला ते करायला एक सेकंद लागतो. एक सेकंद! माझ्या हातांना मुंग्या आल्या, मग बधिर झाले. तेराव्या मिनिटाला मी उठून किचनमध्ये गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले. परत आले तर एक लागलं होतं.

माझ्यासमोर नाही लागलं. मी गेल्यावर लागलं. योगायोग असेल.

५ मार्च

आवडीचं काय, ते अजून सुचलेलं नाही. काम, असं सांगणार होते, पण ती पोरगी पुन्हा तशीच बघत राहील. गालिचे आवडतात म्हणावं तर तेही खरं नाही. बघताना काही वाटत नाही, म्हणून बघते.

८ मार्च

लेकीचा फोन.

"आई, केंद्रात जागा रिकामी होतेय. सतरा तारखेपर्यंत कळवायचंय. मी नाव घालून ठेवू का?"

"सोळाला बघू."

"आई, तू एकटी किती दिवस उचलणार? तुझी कंबर..."

"मी उचलत नाही. हल्ली मी नुसती बसते."

"म्हणजे?"

"म्हणजे बसते. हात मांडीखाली घेऊन."

ती म्हणाली, "आई, तू नीट झोपतेस ना?" तिला वाटलं आई कामातून गेली.

१० मार्च

दोन बटणं, सहा मिनिटं. यांनी मला दूध ओतू दिलं नाही. स्वतः ओतलं. अर्धं टेबलावर. मी फडक्याकडे हात नेला. मग नेला नाही. दूध टेबलावरून खाली टपटपत होतं आणि मी बघत बसले. फरशी नंतर पुसली.

१२ मार्च

किल्लीवाल्याला तिसरा भिडू पाहिजे होता. म्हणाला, "वहिनी, दोघांत मजा नाही, आणि हा माझ्याकडून चोरून चोरून कंटाळला. नवं गिऱ्हाईक पाहिजे." बसले. मला धड खेळता येत नाही. तीन डाव हरले. चौथ्याला चांगली पानं होती, तर यांनी माझीच राणी मांडीखाली घातली. उजव्या हातानं! मी म्हटलं, अहो, निर्लज्ज माणसा, काढा ती. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही."

नाही म्हणाले. नवा शब्द. किल्लीवाला उठून उभाच राहिला.

मी म्हटलं, नाही काय नाही, राणी काढा आधी. मला खरोखर राग आला होता. जेवेपर्यंत होता. गालिचे बघायचे राहून गेले.

१५ मार्च

उद्या. दोन बटणं पाच मिनिटांत, कधी एकच. इस्त्री केली. कपाटात ते टिच बटणांचे सहा शर्ट आहेत. एक बाहेर काढला, उलटापालटा करून बघितला. मोठ्या डॉक्टरांना काय कळणार होतं. ते पट्टी थोडीच उलटून बघणार.

हे दारात उभे होते, काठीला धरून. कधी आले कळलं नाही. मी तो परत ठेवला.

१६ मार्च

दवाखान्यातून आलो. क्रमानं लिहिते.

मोठे डॉक्टर म्हणजे चाळिशीचा माणूस, घड्याळ हातात. फिजिओवाली कोपऱ्यात. मला म्हणाले, बाहेर बसलात तरी चालेल. मी म्हटलं, नाही, बसते इथेच. हात मांडीखाली घातले.

पहिलं बटण दीड मिनिटात. दुसरं पटकन, कसं काय देव जाणे. तिसरं तीनदा निसटलं. तिसऱ्यांदा निसटलं तेव्हा मी खुर्चीतून अर्धी उठले होते. फिजिओवालीनं माझ्याकडे बघितलं. बसले. लागलं. चौथं हातात धरलं आणि डॉक्टर म्हणाले, वेळ झाली.

"सहा आठवड्यांपूर्वी शून्य," कागद बघत म्हणाले. "आज तीन. चालू ठेवा. तीन महिने."

एवढंच. ठप्पा मारला. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. मी म्हटलं, बरं. लेकीला फोन केला, जागा नको म्हणून कळव. ती रडली.

बाहेर रिक्षा बोलावलेली उभी होती. तर हे बाकावर बसले आणि चौथं बटण लावायला घेतलं. अर्धवट थांबवलं होतं ना त्यांना. म्हटलं, अहो, झालं, पास झालात, चला. "नाही."

रिक्षावाला खाली उतरून आला. "आजी, लावून द्या ना त्यांना. किती वेळ?"

"लागेल तेवढा."

"मी लावून देऊ का?"

"हात लावून बघ."

तो बिचारा मागे सरकला. येणारेजाणारे बघत होते. एक बाई तर थांबलीच, मुलाला घेऊन. ऊन चढत होतं. शेवटी चौथं गेलं, पण पाचव्याच्या काजात. पाचवं मग खाली लोंबत राहिलं. शर्ट एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली, मधे फुगा. बत्तीस वर्षांत असा एक शर्ट जरी माझ्या टेबलावरून गेला असता तर मुकादमानं दारात उभं केलं असतं. यांनी वर बघितलं. कसं आहे, असं विचारत होते.

मी म्हटलं, चला.

तसेच आलो. जिन्यात समोरची शिक्षिका भेटली, तिनं शर्टाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बघू दे.

आता पाच वाजलेत. हे पलंगावर बसून तोच शर्ट काढतायत. काढायला घालण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम समोर बसून हे लिहितेय, म्हणजे हात गुंतलेले राहतील. छातीत मघापासून काहीतरी जड झालंय. दुखणं नाही. रिक्षात बसल्यापासून आहे. पाणी पिऊन बघितलं, जात नाही.

एक निघालं.

दुसरं अडकलंय. हे चरफडतायत, काहीतरी पुटपुटतायत, मला शिवी असावी. वहीवर पाणी पडलं आहे थोडं, शाई पसरली. तीन उरलीत. अजून अर्धं पान आहे.